बोट बाहेर असताना

खालच्या मजल्यावर रेडिओ चालू होता आणि विहीणबाईंचा खोकला ऐकू येत नव्हता. मला तेवढ्यावरूनच कळलं. सकाळची वेळ होती. वर्षा, माझी मुलगी, बॉस्टनला ऑफिसात गेली होती, नात शाळेत होती. जावई आदल्या दिवशी पहाटे बोट घेऊन समुद्रावर गेले होते. ग्लॉस्टरमधलं आमचं घर लाकडी आहे, खाली कुणी चमचा ठेवला तरी वर ऐकू येतो. मी जिना उतरून गेले. विहीणबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्चीवर बसल्या होत्या, मान एका बाजूला कललेली, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. कॉफीवर साय धरली होती. हात लावून बघितला. गावाकडे मी पुष्कळ मयतं बघितली आहेत, नाडी शोधत बसावं लागलं नाही. मला रडू आलं नाही. भीती वाटली, ती त्यांच्या मरणाची नव्हती. मेलेल्या माणसाला आणखी काय व्हायचंय? मी फ्रिजवरच्या त्या खरखरणाऱ्या रेडिओकडे बघत उभी राहिले. पहिला विचार आला तो हा, की आता हे जावयांना कळता कामा नये.

हे वाचून कुणाला मी दगड वाटेन. वाटू दे. पण विहीणबाई कशा होत्या आणि त्यांनी मला काय शिकवलं, ते सांगितल्याशिवाय हे समजायचं नाही.

मी जत तालुक्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. आमच्याकडे पाणी बघायचं तर विहिरीत वाकून. समुद्र मी पहिल्यांदा विमानातून बघितला आणि डोळे मिटून घेतले. वर्षा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेत आली आणि तिनं लग्न केलं ते मासेमाराच्या मुलाशी. नाव मॅन्युएल, सगळे मॅनी म्हणतात. मी त्यांना तोंडावर आजही 'तुम्ही' म्हणते. त्यांना त्यातला फरक कळत नाही, मला कळतो. नातीच्या वेळी वर्षाच्या बाळंतपणाला म्हणून आले, हे वारलेले होते, मागे कुणी नव्हतं, राहिले ती राहिलेच. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली जावयांची आई फिलोमिना. मी त्यांना पहिल्या दिवसापासून विहीणबाई म्हणाले आणि त्यांनी तो शब्द उचलला. मलाही त्या विहीणबाईच म्हणायच्या, धक्क्यावर ओळख करून द्यायच्या, "ही माझी विहीणबाई," जसं काही ते माझं नाव. आमची भाषा म्हणजे त्यांचं मोडकं पोर्तुगीज-इंग्रजी, माझं त्याहून मोडकं इंग्रजी, थोडं मराठी आणि बाकी हातवारे. भांडायला तेवढं पुरायचं.

पहिलं भांडण धुण्यावरून झालं. मी येऊन आठवडा झाला असेल. फुकट बसून खायची सवय नाही, म्हणून जावई पहाटे बोटीवर गेले आणि मी तळघरात उतरून घरातले सगळे कपडे, त्यांचेसुद्धा, मशिनमध्ये घातले. विहीणबाईंना मशिनचा आवाज ऐकू गेला. बाई जिन्यावरून अशा उतरल्या की पडतात की काय वाटलं. मशिन बंद केलं, दार ओढलं, पाण्यासकट कपडे बाहेर काढले आणि माझ्या अंगावर ओरडायला लागल्या. मला एक शब्द कळेना. वर्षाला फोन लावला.

वर्षा म्हणाली, "अगं आई, बोट बाहेर असताना धुणं धुवायचं नाही. माणूस धुऊन जातो म्हणतात. मी तुला सांगायला विसरले."

"मग कपडे काय घाणेरडे ठेवायचे?"

"हो. तो येईपर्यंत. प्लीज, आर्ग्यू करू नकोस त्यांच्याशी."

मी फोन ठेवला आणि विहीणबाईंना म्हणाले, "आमच्याकडे पाणी नसतं म्हणून धूत नाही. तुमच्याकडे एवढा समुद्र आणि तरी धूत नाही!" त्यांना काय कळलं देव जाणे. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या, जावयांचा ओला शर्ट छातीशी धरून. तेव्हा मी बघितलं की या बाईला राग आलेला नाही, ही भ्यालेली आहे. जावई तिसऱ्या दिवशी धडधाकट परत आले. त्यांना हा प्रकार कळल्यावर ते हसले, पण धुतलेला शर्ट हातात घेऊन म्हणाले, "मी बाहेर असताना तर नाही ना धुतला?" मी अशा गोष्टी मानत नाही. तरी त्यानंतर बोट बाहेर असताना मी या घरात एक रुमाल धुतलेला नाही.

हिवाळ्यात त्या खारवलेला कॉड मासा भिजत घालायच्या. फळीसारखा कडक, पांढरा, मिठानं खरखरीत. तीन दिवस पाणी बदलायचं. आमच्या आठवडे बाजारात सुकट आणि खारा मासा यायचा, तो वास मला ओळखीचा, त्यामुळे मी नाक मुरडलं नाही आणि त्यामुळेच आमचं जमलं. पाणी बदलता बदलता त्या सांगायच्या. त्यांचे आजोबा पोर्तुगालच्या कुठल्याशा बेटावरून इथं आले ते या माशासाठीच. मोठ्या जहाजावरून लहान होड्या पाण्यात सोडायचे, होडीत एक किंवा दोन माणसं, हातात दोरी आणि गळ. धुकं आलं की जहाज दिसेनासं व्हायचं. मग होडीतला माणूस शिंग फुंकायचा, जहाजावरचे घंटा वाजवायचे, आवाजावरून एकमेकांना शोधायचं. आजोबांचं शिंग बराच वेळ ऐकू येत होतं म्हणे. मग लांबून आलं... मग आलंच नाही. वडिलांच्या काळात इंजिनाच्या बोटी आल्या, तळ खरवडणारी जाळी आली. नवऱ्याच्या तरुणपणी तर मासा इतका, की डेकवर गुडघाभर माशात उभं राहून साफ करायचे, लहान मासा मेलेलाच परत फेकायचे. मग परदेशी जहाजं आली, कारखान्याएवढी. रात्री समुद्रावर गाव वसल्यासारखे दिवे. सरकारनं समुद्रात रेघ ओढून त्यांना हाकललं. सगळ्यांना वाटलं, सुटलो. आणि मग आपल्याच लोकांनी मोठ्या बोटी बांधल्या, मासा कुठं आहे ते दाखवणारी यंत्रं बसवली आणि उरलेला मासा आपणच संपवला.

मी म्हणाले, "आमच्याकडे बोअरचं असंच झालं. शेजाऱ्यानं खोल मारली की आपण त्याहून खोल. शेवटी सगळ्यांच्या नळीतून धूळ आली."

त्यांना बोअर समजावायला मी टेबलावर बोटानं भोक पाडून दाखवलं. समजलं त्यांना. मान हलवत राहिल्या.

मग सरकारनं मासेमारीच्या जागा बंद केल्या. सगळ्या बंदरात माणसं नुसती धक्क्यावर उभी. विहीणबाईंचे यजमान घरी बसले, त्याच खुर्चीवर, खिडकीतून पाणी बघत. बोलणं कमी झालं, पिणं वाढलं, एक दिवस छाती धरून गेले. विहीणबाई मासे कापायच्या कारखान्यात लागल्या. तिथं कॉडच यायचा, पण गोठवलेल्या विटा होऊन, दुसऱ्या देशांतून. "माझ्या खिडकीसमोर समुद्र," त्या म्हणायच्या, "आणि मी दुसऱ्यांच्या समुद्रातला मासा कापत होते." एकदा मी विचारलं, यात तुमची किती माणसं गेली? त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "आजोबा मासे होते म्हणून गेला. नवरा मासे नव्हते म्हणून. आता मॅनीचं काय म्हणून होईल?"

हा प्रश्न या घरातून कधी गेला नाही. जावयांची बोट बापाच्या वेळची. तेव्हा तिच्यावर पाच माणसं असायची, आता दोन, जावई आणि त्यांचा एक खलाशी, कारण दोघांपलीकडे कुणाचं पोट भरत नाही. पूर्वी ज्या कुरूप माशाला कुणी हात लावत नव्हतं तो आता धरतात. कॉड चुकून जाळ्यात आला तर आला, तोही सरकारनं ठरवलेल्या मापापुरताच आणायचा. माणसं कमी म्हणजे झोप कमी, आणि झोपाळलेला माणूस दोरीत पाय अडकवतो. वर्षानं किती वेळा सांगितलं असेल, "मॅनी, सोड हे, माझ्या ऑफिसात फॅसिलिटीजमध्ये, बिल्डिंग सांभाळायचा जॉब आहे." ते हो म्हणतात आणि पहाटे बूट घालतात.

म्हणून तो रेडिओ. त्यावर फक्त ऐकता येतं, उलट बोलता येत नाही. बोटींचं आपसातलं बोलणं दिवसभर स्वयंपाकघरात खरखरत असायचं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास जावई बोटीवरून दोन वाक्यं बोलायचे, खास आईसाठी. "मा, मी आहे. सगळं ठीक." आणि शेवटी नेहमी, "मा, चपला घाल." विहीणबाईंना थंड फरशीवर अनवाणी फिरायची खोड होती. ते ऐकलं की त्या रेडिओला पोर्तुगीजमध्ये शिवी द्यायच्या, चपला घालायच्या आणि मग जेवायच्या. त्याआधी घास नाही. मीही खाली जाऊन बसू लागले. मला रेडिओवरचं इंग्रजी कळायचं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "शब्द ऐकू नकोस. आवाज ऐक. भ्यालेला आवाज सगळ्या भाषांत एकच असतो." अशी मी त्या घरात भ्यायला शिकले. दुष्काळाची भीती मला माहीत होती, ती हळूहळू येते, दारात बसून राहते. ही तशी नाही. ही प्रत्येक खरखरीला एकदम घरात शिरते.

आणि त्यांचा दुसरा नियम. पाण्यावर असलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. त्यांच्या भावाचं तान्हं मूल गेलं तेव्हा धक्क्यावरून कुणीतरी कळवळून रेडिओवर सांगितलं. भावानं वाऱ्यात बोट फिरवली, घरी लवकर पोचायचं म्हणून खडकांमधून यायला बघितलं... बोट आली नाही, तिच्यावरचं कुणीच आलं नाही. "एका शवपेटीची बातमी होती," विहीणबाई म्हणाल्या. "झाल्या पाच. चार रिकाम्याच पुरल्या." आणि माझं मनगट धरून बजावलं, "मी मेले तरी मॅनी धक्क्याला दोर बांधेपर्यंत त्याला सांगायचं नाही. तू सांगू द्यायचं नाहीस. वर्षा सांगेल, ती शिकलेली आहे." मी हसले होते. म्हणाले, "आधी मीच जाईन, तुम्ही बघा वर्षाकडे."

तर ती सकाळ. मी वर्षाला फोन केला, तिनं रुग्णवाहिका पाठवली, स्वतः धावत आली. विहीणबाईंना घेऊन गेले. आणि वर्षा डोळे पुसून म्हणाली, "मॅनीला सांगायला हवं. फोन लागत नाही तिथं. धक्क्यावरच्या डॉमना सांगते, ते रेडिओवरून बोलतील."

"नाही."

"आई, त्याची आई गेलीय! तो मला कधी फर्गिव्ह करणार नाही."

"नाही केलं तर नाही. रागावलेला नवरा घरात असतो. उद्या वारा आहे. उद्या परत येतील, दोर बांधतील, मग सांग."

"तू या अंधश्रद्धा कधीपासून मानायला लागलीस?"

"मी मानत नाही," मी म्हणाले. "मला भीती वाटते. ते वेगळं."

ती माझ्यावर ओरडली, मी तिच्यावर. तेवढ्यात दारात डॉम उभा होता, धक्क्यावरचा म्हातारा मासेमार, टोपी छातीशी. त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं, रुग्णवाहिका बघितली होती. वर्षाकडे बघून एवढंच म्हणाला, "बंदरात सगळ्यांना सांगितलंय. रेडिओवर यातलं कुणी बोलणार नाही." वर्षा मग खाली बसली.

आता माझी पंचाईत सांगते. मी मयताला शिवले होते. आमच्याकडे आधी अंघोळ, नेसलेलं सगळं धुवायचं, मग चुलीकडे जायचं. अंघोळ केली. साडी बादलीत टाकली आणि नळाला हात लावला... आणि हात तिथंच राहिला. बोट बाहेर होती. माझी आई असती तर तिनं मला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं, पण मी मयताला शिवलेली साडी कोरडीच बादलीत ठेवली, झाकण घातलं आणि बादली तळघरात नेऊन ठेवली. देवाला म्हणाले, विटाळ माझ्या माथी लाव, मला चालतो.

संध्याकाळी मी खाली त्या खुर्चीवर बसले. वर्षा दाराला टेकून उभी. एरवी त्या वेळेला रेडिओवर नुसता गलका असतो. डॉम तर रोज जावयांना काहीतरी टोचायचा. "काय मॅनी, सासूला बोटीवर नेलंस का? मासे घाबरून पळाले वाटतं!" असं. त्या दिवशी कुणी काही बोलेना. नुसती खरखर. मग जावयांचा आवाज आला. "मा, मी आहे. सगळं ठीक. उद्या दुपारपर्यंत येतो." आणि मग नेहमीचं, "मा, चपला घाल." टेबलाखाली विहीणबाईंची एक चप्पल उताणी पडली होती. वर्षानं पदरासारखी बाही तोंडात कोंबली. मी रेडिओकडे बघत होते. आवाज ऐकत होते, शब्द नाही. आवाज ठीक होता. त्यांना कळलेलं नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा उठला. खिडकीतून दिसणारं पाणी आधी काळं झालं, मग पांढरं. दुपार झाली, दुपार टळली. रेडिओवर हवामान सांगणारा तो यंत्राचा आवाज, त्यात ना भीती ना दया, तेच तेच सांगत होता. मला वाटायला लागलं की मीच चुकले. सांगितलं असतं तर काल लवकर निघाले असते, वाऱ्याच्या आधी पोचले असते. बाईनं शिकवलेल्या नियमानं बाईचाच मुलगा बुडाला तर? हे वर्षाच्याही मनात होतं, ती माझ्याकडे बघत नव्हती. उजेड कमी व्हायला लागला तेव्हा वर्षा खिडकीशी उभी राहून म्हणाली, "आई... लाइट दिसतोय."

धक्क्यावर अर्धं गाव उभं होतं. बोट सावकाश आली, अगदी सावकाश. जावयांनी दोर फेकला, डॉमनं बांधला. वर्षा पुढं झाली. तिनं तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "मा?"

तिनं मान हलवली.

मागून तिला त्यांनी सांगितलं, आणि तिनं मला. आदल्या संध्याकाळपासूनच त्यांना संशय होता. डॉमनं शिवी दिली नाही. सकाळी दोघा-तिघांनी रेडिओवर नुसतं "सांभाळून ये" म्हटलं, गोड आवाजात. "या बंदरात माझ्याशी कुणी गोड बोललं नाही कधी," ते म्हणाले. "तेव्हाच समजलो, घरात कुणीतरी गेलंय. कोण ते कळेना. मा, की वर्षा, की मुलगी." आणि तरी त्यांनी खडकांमधला जवळचा रस्ता घेतला नाही. लांबून, वळसा घालून आले. त्याच्यामुळेच उशीर झाला होता. आईनंच शिकवलं होतं ते. घरी आल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "काल संध्याकाळी मी बोललो, ते कुणी ऐकलं का?"

"मी ऐकलं," म्हटलं.

मग मी तळघरात गेले आणि साडी धुतली. विहीणबाईंचा ॲप्रन टोपलीत होता, तोही धुतला. लोकांना वाटेल आठवण म्हणून तसाच ठेवला असेल. नाही. माशाच्या वासाचं कापड घरात ठेवू नये.

विहीणबाईंना पुरून आता काही आठवडे झाले. वर्षानं पुन्हा बोट विकायचं काढलं. जावई हो म्हणाले, आणि काल पहाटे बूट घातले. निघताना मी जिन्यात उभी होते. मीच म्हणाले, "संध्याकाळी बोलत जा. मी खाली बसते." त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळतं का त्यातलं?" मी म्हणाले, "शब्द नाही. आवाज कळतो."

काल ते बोलले नाहीत. बहुतेक सवय नाही, आईऐवजी दुसऱ्या कुणाशी बोलायची. मी जेवले नाही. आज हे लिहिते आहे ते त्याच टेबलावर बसून. बाहेर अंधारून येतंय, फ्रिजवर खरखर चालू आहे, तळघरात कालपासूनचे कपडे तसेच आहेत. वर्षा दोनदा येऊन गेली, "आई, वर चल ना, काही खाऊन घे." मी म्हटलं, थांब...

आत्ता बोलले. "आई, मी आहे. सगळं ठीक." मग बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग म्हणाले, "चपला घाल."

मी घातलेल्याच होत्या. पण ते बोलले म्हणजे बोलले त्या क्षणापर्यंत आहेत, एवढंच त्यातून कळतं. पुढचं उद्या संध्याकाळी. मी रेडिओ तसाच चालू ठेवला आणि ताट वाढून घेतलं.